प्रमिलाचं गाठोडं

पिंप्राळ्यात कुणाला प्रमिला वना महाजनचं घर विचारलं, की माणूस आधी डोकं खाजवायचा आणि मग एकदम म्हणायचा, "अच्छा, ती लुनाला डबा बांधून फिरते ती!" डबा स्टीलचा असायचा, घट्ट झाकणाचा, लुनाच्या मागच्या सीटवर सुतळीनं आवळलेला. नवख्याला वाटायचं, पोरगी खानावळ चालवते. डब्यात फ्लॉप्या असायच्या. तिशी आली तरी लग्नाचं नाव नाही आणि रोज बापाच्या घरातून डबा घेऊन निघते, एवढ्या भांडवलावर गल्लीतल्या बायांच्या गप्पा वर्षभर चालत. प्रमिलाला त्याचं काही वाटत नव्हतं असं नाही. वाटायचं, पण कामाच्या रगाड्यात ते विसरूनही जायचं.

गणित घेऊन ती बी.एस्सी. झाली, पुण्याला कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि सत्त्याऐंशी साली परत जळगावला आली. पुण्याच्या मैत्रिणींना हसू आवरेना. "जळगावात कॉम्प्युटरवर काय मोजणार गं? केळी?"

"मिळाली तर केळीही मोजीन," असं म्हणून ती गाडीत बसली.

डिप्लोमाच्या वर्गातला भुसावळचा अन्वर तिच्याआधीच परतला होता. त्याला मशीनचं पोट उघडून बसायची हौस, हिला प्रोग्राम लिहायची. दोघांनी मिळून पिंप्राळ्यात पिठाच्या गिरणीवरची एक खोली घेतली. खाली गिरणी सुरू झाली की वर टेबलं थरथरायची आणि संध्याकाळपर्यंत कीबोर्डवर पिठाचा थर बसायचा. अन्वर रोज तो फुंकून काढायचा आणि फुंकता फुंकता गिरणीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. भाडं कमी होतं म्हणून उद्धार तिथेच थांबायचा.

केळी काही मिळाली नाहीत. मिळालं दूध. तापी-पांझरा दूध संघाची केंद्रं जळगाव आणि धुळे, दोन्ही जिल्ह्यांत होती. सकाळी खेड्यापाड्यांतून कॅनमधून दूध यायचं, फॅट तपासली जायची आणि फॅटप्रमाणे दराची पावती मिळायची. हे काम कॉम्प्युटरवर आणायचं संघानं ठरवलं आणि प्रोग्राम लिहायचं काम या दोघांना मिळालं. पण दराचे नियम सारखे बदलायचे आणि नियम बदलला की प्रोग्राम बदलायचा. दर वेळी प्रत्येक केंद्रावर माणूस कोण पाठवणार? त्यावर प्रमिलानं तोड काढली. दुधाचा टँकर संध्याकाळी रिकामा जातो, तर फ्लॉप्यांचा डबा त्याच्यातच द्यायचा. टँकरवरचा पुना नावाचा ड्रायव्हर तो आपल्या सीटमागे खोचून न्यायचा, आणि एकदाही त्यानं तो हरवला नाही की सांडला नाही.

अडचण वेगळीच होती. प्रोग्राम एका फ्लॉपीत मावायचा नाही. तो दाबून लहान करायचा, त्याचे तुकडे पाडायचे, चार-सहा फ्लॉप्यांवर पसरायचे आणि पलीकडे पोचल्यावर पुन्हा जसाच्या तसा जोडायचा. अशी बांधाबांध करणारी तयार साधनं पुण्यात मिळत. पण त्यांची एक खोड प्रमिलानं शिकतानाच पाहिली होती. साधनाची नवी आवृत्ती आली की तिनं बांधलेलं जुनीला उघडत नसे. करणारे खुशाल सांगत, "तुम्हीही नवीन घ्या." पुण्यातला घेईल. धुळ्यापलीकडे साक्रीतल्यानं काय करायचं? या प्रश्नावर तिचा पारा चढायचा. शेवटी तिनं स्वतःचं साधन लिहिलं. बांधणाऱ्या प्रोग्रामचं नाव ठेवलं 'गाठोडं' आणि सोडवणाऱ्याचं 'सोड'. अन्वर म्हणाला, जरा इंग्रजी नाव ठेव, साहेब लोकांवर छाप पडेल.

"साहेब लोक कुठे फ्लॉपी घालणार आहेत?" ती म्हणाली. "फ्लॉपी घालणार भटू नाना."

भटू नाना म्हणजे साक्री केंद्राचे प्रमुख. पन्नाशी उलटलेली, धोतर, डोक्यावर टोपी, आणि सगळा जन्म दुधाचे कॅन उचलण्यात गेलेला. अठ्ठ्याऐंशी साली संघाचा पहिला कॉम्प्युटर साक्रीलाच बसला, कारण डोंगराकडच्या पाड्यांचं दूध तिथे येत होतं आणि पावतीवरून सगळ्यात जास्त तंटे तिथेच होत होते. प्रमिला आणि अन्वर तो बसवायला गेले, तेव्हा नाना दाराबाहेरच उभे राहिले. आत यायला तयार होईनात.

"ताई, मी आते म्हतारा व्हई गऊ," ते म्हणाले. "येक डाव शिकाड, शिकसू. पन दर साले नवं शिकाडशी, ते मन्हा डोकामा मावाव नही."

प्रमिला तेव्हा चोवीस वर्षांची होती. त्या वयात माणूस शब्द फार सहज देतो. ती म्हणाली, "नाना, एकदाच शिका. फ्लॉपी घाला, 'सोड' लिहा, एंटर मारा. पुढे मी काहीही बदललं तरी तुमचं हे बदलणार नाही. माझा शब्द आहे."

नाना आत आले. सोड लिहायला इंग्रजी तीन अक्षरं लागत. ती त्यांनी बोटानं एकेक शोधून दाबली. फ्लॉपी खरखरली, पडद्यावर सगळं सुटून बसलं आणि नानांनी आनंदानं आख्ख्या केंद्राला दूध पाजलं.

शब्द दिला खरा, पण तो पाळायचा कसा, हे तिनं कुठल्या पुस्तकातून घेतलं नव्हतं. ते तिच्या घरातच होतं. श्रावणात त्यांच्याकडे कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू दळायचे, तर घरातल्या आणि भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढायचे, हा रिवाज. प्रमिलाचे वडील वना आप्पा थोरल्यापासून नावं घेत आणि आई कमलबाई मूठ भरत जाई. लहानपणी प्रमिला सुपाशेजारी बसून हे बघायची. पोरींच्या नावाची मूठ नसते, हे तिच्या लक्षात आलं आणि खुपलं. आणखीही एक गोष्ट तिनं पाहिली. सुरतेला गेलेला गिरधर काका कधी यायचा नाही, तरी त्याची मूठ त्याच्याच जागी पडायची. नवं बाळ आलं तर त्याचं नाव मध्ये घुसत नसे, शेवटी येई. असं का, म्हणून तिनं विचारलं होतं. आई सहज म्हणाली होती, "ज्यानी त्यानी जागा शे, माय. जुनाले हालाडो नही. नवा ऊना का शेवटले जोडी देवो."

गाठोडं लिहिताना प्रमिलानं हेच केलं. गाठोड्यात कुठल्या जागी काय लिहिलेलं असेल, हे एकदा ठरलं ते ठरलं. त्या जागेचा अर्थ पुन्हा बदलायचा नाही. नवं काही लागलं तर ते शेवटी जोडायचं. म्हणजे जुन्या सोडला जेवढं कळतं तेवढं ते वाचेल आणि शेवटचं न कळणारं तसंच सोडून देईल. ऐकायला सोपं, करायला महा कटकटीचं. पहिल्या सोडला मोठी फाइल पेलायची नाही. प्रोग्राम वाढत गेला तसं गाठोड्याला शिकवावं लागलं, की जुन्या मशीनसाठी बांधताना मोठ्या फाइलचे लहान घास कर आणि पलीकडे ते घास जोडणारी चिठ्ठीही सोबत दे. हा एवढा खटाटोप कशासाठी? साक्रीच्या नानांनी तीन अक्षरांपलीकडे काही शिकायला लागू नये, यासाठी.

अन्वरचं डोकं यावरूनच फिरायचं. खोलीच्या कोपऱ्यात साक्रीच्या मशीनचं जुळं भावंड होतं. त्या अवजड, करड्या डब्याचं नाव त्यानं 'आजीबाई' ठेवलं होतं. गाठोड्यात एक ओळ बदलली तरी प्रमिला ते आजीबाईवर सोडवून बघायची, आणि आजीबाई जाग्या व्हायलाच चहा गार होईपर्यंत वेळ घ्यायच्या.

"मॅडम," रागावला की तो तिला मॅडम म्हणायचा, "दुनिया कुठे चालली आणि आपण हिची मालिश करत बसलो. भुसावळच्या भंगारवाल्याला देऊन टाकू. जागा तरी होईल."

"नाना रिटायर झाले की दे."

"नाना कुठले रिटायर होतात! तो माणूस शंभर वर्षं दूध मोजणार."

तरी आजीबाईचा पंखा साफ करायचा तो अन्वरच, आणि दुसऱ्या कुणी त्याला हात लावलेला अन्वरला चालायचा नाही.

चौऱ्याण्णव साली संघावर नवे कार्यकारी संचालक आले. माणूस वाईट नव्हता, घाईचा होता. सगळ्या केंद्रांवर नवी मशीनं, नवे दर, नवा प्रोग्राम, आणि सुरुवात दसऱ्याच्या सकाळच्या दुधापासून, असा त्यांनी हुकूम काढला. दसऱ्याचा मुहूर्त सगळ्यांनाच आवडला. पण बैठकीत ते पुढे म्हणाले, "ज्या केंद्रावर त्या सकाळी नव्या दरानं पावती निघणार नाही, ते केंद्र मी बंद करणार. साक्रीचं दूध सरळ धुळ्याला जाऊ शकतं."

साहेबांनी साक्रीचं नाव उगाच घेतलं नव्हतं. ते आधीच त्यांच्या मनात होतं. डोंगरातून साक्रीला पोचेपर्यंतच दुधाला निम्मी सकाळ लागते. तिथून थंड न होता धुळ्याला गेलं तर फाटणार, आणि फाटलेल्या दुधाची पावती कुणी करत नाही. साक्री बंद म्हणजे त्या पाड्यांचं दूध बंद. तिनं तसं स्पष्ट सांगितलं.

"मग चालवून दाखवा," साहेब म्हणाले. "आणि त्या जुन्या मोठ्या फ्लॉप्या आता बंद करा. नव्या मशीनला त्या लागतच नाहीत."

नव्या मशीनला लहान, कडक फ्लॉपी लागायची; जुन्याला मोठी, मऊ. एकीच्या खाचेत दुसरी जाणार नाही. तरीही दसऱ्याच्या आधी डबे भरताना प्रमिलानं प्रत्येक डब्यात तळाला मोठ्या मऊ फ्लॉप्यांचा संच ठेवला, वर वर्तमानपत्राचा कागद घातला आणि त्यावर लहान फ्लॉप्या रचल्या.

अन्वरनं कपाळावर हात मारला. "साहेब नको म्हणाले ना?"

"साहेबांना लागत नाहीत. ठेवल्या तर त्यांना टोचणारही नाहीत."

"पण नवी मशीनं पोचलीत, प्रमिला. सगळीकडे."

"नवी मशीनं कालपरवा पोचलीत. त्यांची अजून आपली ओळख नाही."

अन्वर कुरकुरतच डब्यांची झाकणं लावू लागला. पण ते सगळे मोठे संच त्यानंच दुपारभर बसून आजीबाईवर तयार केले होते, हेही खरं. पुना ड्रायव्हर डबे घेऊन गेला.

दसऱ्याच्या सकाळी जळगावच्या मुख्य कार्यालयात झेंडूच्या माळा लागल्या होत्या. मध्ये टेबलावर फोन, एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला प्रमिला आणि अन्वर. एकेका केंद्राचा फोन येऊ लागला. चोपड्याला पावती निघाली. पारोळ्याला निघाली. शिरपूरला निघाली. प्रत्येक फोनला अन्वर मांडीवर थाप मारायचा. साक्रीचा फोन येईना.

आला तेव्हा नानांचा आवाज ओळखू येत नव्हता.

"ताई, मी भटू बोली राह्यनू. नवं मशीन गये."

"गेलं म्हणजे काय झालं, नाना?"

"पूजा करी मी. नारळ फोडा, पाणी शिपडं मशीनवर. धूर निंघना अन् बठ्ठं काळं व्हई गये."

आता यात नानांना काय बोल लावायचा? दसऱ्याला हत्यारांची पूजा होते. टँकरच्या चाकाला, वजनकाट्याला, फॅटच्या मशीनला दर वर्षी नारळाचं पाणी शिंपडत आलेत. त्यातलं कधी काही मेलं नव्हतं. जुन्या कॉम्प्युटरलाही शिंपडत, पण पूजेच्या आधी प्लॅस्टिकचं कव्हर घालायला प्रमिलानंच पहिल्या वर्षी शिकवलं होतं, आणि नाना ते चुकवत नसत. नव्या मशीनसोबत कव्हर आलंच नव्हतं. नव्याचे नियम नवे असतील, असं समजून नानांनी भक्तिभावानं सगळ्या जाळ्यांवर शिंपडलं होतं, आणि आत पाणी जाऊन मशीन जळलं होतं.

साहेबांनी समोरच्या बोलण्यावरून सगळं ओळखलं. "त्यांना सांगा, कॅन धुळ्याच्या गाडीत चढवा. आणि मला केंद्र बंद करायची शिफारस लिहायला घेऊ द्या."

"गाडी भरेपर्यंत थांबा, साहेब," प्रमिला म्हणाली. आवाज तिलाच मोठा वाटला. "गाडी निघाली तर लिहा. त्याआधी नाही."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि हातानंच, बोला, अशी खूण केली.

"नाना, जुनं मशीन कुठे आहे?"

"कोपरामा. गोणपाट टाकेल शे वर."

कालपर्यंत ते चालू होतं. गावांची, दूध घालणाऱ्यांची सगळी नावं अजून त्याच्याच पोटात होती. नानांनी गोणपाट काढलं, ते सुरू केलं. जुनी मशीनं उठायला वेळ घेतात; तोवर फोनवरून कॅनांचे आवाज आणि बाहेर उभ्या लोकांची कुजबुज ऐकू येत होती.

"उठनं," नाना म्हणाले.

"आता डबा उघडा. वरच्या लहान फ्लॉप्या बाजूला ठेवा. खालचा कागद काढा."

कागद चुरगळल्याचा आवाज आला. मग फोनमधून एकदम, "अरे! मोठल्या फ्लॉप्या शेत! आपल्या जुन्या!"

अन्वरनं डोळे मिटून घेतले आणि पुन्हा उघडले.

"पहिली घाला, नाना. आणि आता काय करायचं ते…"

"हाव," नाना मध्येच म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातला थरकाप पहिल्यांदा गेला. "ते माले माहीत शे."

एक, दोन, तीन अक्षरं. एंटर. प्रमिलानं विचारलं, "वर काय लिहून आलं?"

"सोड. येक टिंब शून्य."

तिला वाटलं होतं एक टिंब एक असेल. पहिल्याच वर्षी तिनं सोड सुधारलं होतं आणि सगळ्या केंद्रांना नवं धाडलं होतं. ते साक्रीच्या मशीनवर कधी चढलंच नव्हतं! नानांनी सहा वर्षं तिच्या पहिल्यावहिल्या, कच्च्या सोडवर काढली होती. आणि आजीबाईवर होतं सुधारलेलं. म्हणजे गेली सहा वर्षं तिनं जे जे तपासलं ते सुधारलेल्यावर. पहिल्या सोडची एकही प्रत तिच्याजवळ उरली नव्हती. त्या पहिल्या सोडला आजचं गाठोडं सुटेल की नाही, हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिनं अन्वरला कागदावर लिहून दाखवलं. तो पुटपुटला, "या अल्ला. त्या दोन्हींत फरक काय?"

"तारीख," ती म्हणाली. प्रत्येक फाइलला बांधल्याची तारीख जोडायची सोय तिनं तेव्हा केली होती, पण आजवर ती लागली नव्हती; नव्या दरांच्या या गाठोड्यात ती पहिल्यांदाच वापरली होती. ती तारीख कुठे घातली होती? सगळं आता त्यावर होतं. मध्ये कुठे घुसवली असेल तर पहिलं सोड तिथेच अडखळणार आणि नानांची गाडी धुळ्याला निघणार. शेवटी जोडली असेल तर… ती चोवीस वर्षांची प्रमिला समोर असती तर तिनं तिचे खांदे धरून विचारलं असतं. तिचा शब्द देऊन झाला होता, पण नियम कळला होता का? मग आईचं सूप तिच्या डोळ्यांसमोर आलं. नियम तिला फार आधीपासून कळत होता. गाठोड्याच्याही आधीपासून.

"लाइट लागी गया," नाना सांगत होते. "खरखर करी राह्यनं. करी राह्यनं…"

अन्वर फोनला कान लावायला पुढे वाकला. साहेबांनीही पेन खाली ठेवलं होतं.

"थांबनं."

"थांबलं? काय लिहिलंय, नाना?"

"दुसरी मांगी राह्यनं, ताई! दुसरी फ्लॉपी मांगी राह्यनं!"

"घाला!" प्रमिला ओरडली. कार्यालयातला शिपाई दचकून आत आला.

दुसरी सुटली, तिसरी सुटली. पुढच्याही सुटल्या. तारखा शेवटी होत्या, सगळ्या शेवटी होत्या. पहिल्या सोडनं आपल्याला कळलं तेवढं वाचलं आणि न कळलेल्याला हात न लावता पुढे गेलं. घास जोडणारी चिठ्ठी चालली, नवा प्रोग्राम उठून उभा राहिला. नानांनी पहिल्या कॅनची फॅट घातली. मग ते म्हणाले, "ताई, आइक," आणि त्यांनी फोन प्रिंटरजवळ धरला.

कर्रर, कर्रर, कर्रर. डोंगराकडच्या कुण्या पाड्याच्या दुधाची पावती नव्या दरानं निघत होती आणि तिचा आवाज जळगावच्या टेबलावर घुमत होता. अन्वर उठून नाचायलाच लागला. प्रमिलाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि तिनं ते पुसलंही नाही. आपण केलेलं एखादं काम इतकं पुरेपूर खरं ठरलं, की माणसाला रडायची लाज वाटत नाही.

साहेब बराच वेळ हसत होते. मग त्यांनी टेबलावरच्या परातीतून आपट्याची पानं उचलली, आधी प्रमिलाच्या आणि मग अन्वरच्या हातावर ठेवली. "घ्या, सोनं घ्या. साक्री बंद होत नाही. आणि पुढचे डबे असेच भरायचे, दोन्ही संचांचे. पण बाई, त्या जुन्या मशीनला तुम्ही काढणार तरी कधी?"

"नाना काढा म्हणाले की," ती म्हणाली.

त्या दुपारी गिरणीवरच्या खोलीत अन्वरनं आजीबाईला झेंडूचा हार घातला. प्रमिलानं कुंकू लावलं. तो तांब्या घेऊन पुढे झाला आणि तिनं "पाणी नको!" म्हणून अशी किंकाळी फोडली, की खाली गिरणी थांबली. तांब्यात चहा होता, तोही तिच्यासाठी आणलेला. भंगारवाल्याचा विषय त्यानंतर त्या खोलीत निघाला नाही.

पुना ड्रायव्हर ही हकिगत ज्या गावी टँकर थांबेल त्या गावी सांगत गेला, आणि प्रत्येक गावी ती थोडी वाढत गेली. पिंप्राळ्याला पोचली तेव्हा प्रमिलानं फोनमधून हात घालून साक्रीचं मशीन दुरुस्त केलं होतं. गल्लीतल्या बायांनी आता तिच्या लग्नापेक्षा हाच विषय पत्करला. वना आप्पा कुणापुढे काही बोलले नाहीत, पण चौकात कुणी सांगायला लागलं की ते हकिगत पहिल्यापासून ऐकून घेत, जणू कधी ऐकलीच नव्हती.

पुढच्या श्रावणात कानबाई आली. आदल्या दिवशी भाऊबंद जमले. थोरले रुपचंद आबा भिंतीला टेकून बसले होते, कमलबाईंनी सूप पुढे ओढलं आणि आप्पा नावं घेऊ लागले. रुपचंद. निंबा. वना. सुरतेचा गिरधर, त्याच्या जागी. मग पोरांची नावं, मग नातवांची, आणि सगळ्यांत शेवटी निंबाच्या घरचं नवं बाळ. आप्पा थांबले. कमलबाईंचा हात थांबला नाही. त्यांनी आणखी एक सव्वा मूठ भरली आणि सुपात टाकली.

"ही कोननी व?" रुपचंद आबांनी विचारलं.

"प्रमिलानी."

दारात उभी असलेली प्रमिला एक पाऊल आत आली. बसलेल्या माणसांत चुळबूळ झाली. आबा म्हणाले, "पोरीसनी मूठ कधी व्हती का आपलाकडे?"

"नव्हती," कमलबाई म्हणाल्या. "जुन्या मूठी बठ्ठ्या जठल्या तठे शेत, आबा. एकले बी हालाडं नही मी. शेवटले जोडी दिनी."

आबांनी वाकून सुपात पाहिलं. त्यांच्या नावाची मूठ पहिली होती आणि पहिलीच राहिली होती. मग ते आप्पांकडे वळून जरा करड्या आवाजात म्हणाले, "मंग नाव घे ना, वना. बिगर नावनी मूठ चालस का?"

आप्पांनी घसा खाकरला. "प्रमिला वना महाजन," ते म्हणाले, इतक्या मोठ्यानं की रस्त्यावरच्या माणसानंही ऐकलं असतं.

गहू दळायला प्रमिला स्वतः घेऊन गेली. कानबाईचं दळण म्हणून गिरणीवाल्यानं गिरणी आधी स्वच्छ धुऊन ठेवली होती. त्यानं पट्टा चढवला आणि वरच्या खोलीत नेहमीसारखी टेबलं थरथरू लागली. ती वर गेली तेव्हा कीबोर्डवर पांढरं पीठ हळूहळू बसत होतं आणि अन्वर सवयीनं फुंकायला वाकला होता.

"आज राहू दे," प्रमिला म्हणाली.